खाऱ्या पाण्याची टाकी आणि विजेचा फळा

घरांत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे आतां नवा राहिलेला नाहीं. कांचेची पेटी, तळाशीं रंगीत खडे, हवेचे बुडबुडे सोडणारी एक नळी आणि वर एक दिवा, एवढ्या सामग्रीवर गोड्या पाण्यांतील मासे सुखानें नांदतात. परंतु खाऱ्या पाण्याची टाकी ही अगदीं निराळी वस्तु आहे. तिला विजेचीं पांच-सहा उपकरणें अहोरात्र लागतात. त्यांतील निम्मीं पाण्यांत बुडालेलीं असतात, आणि पाणी तेंहि मिठाचें! ज्या घरांत लहान मुलें, वृद्ध माणसें आणि दहा-बारा जणांचा नित्य राबता आहे अशा घरांत ही टाकी यावयाची असेल, तर मासे कोणते आणावयाचे याची चर्चा सुरू होण्यापूर्वीं विजेचा फळा कसा व कोठें बसवावयाचा याचा निर्णय झाला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वायरमन त्याला बोर्ड म्हणतो, आमचा पुतण्या कंट्रोल पॅनेल म्हणतो. आमचा सारा जन्म फळ्यापुढें गेला असल्यामुळें आम्ही त्याला फळाच म्हणतों.

मांडव्यासारख्या ठिकाणीं समुद्र हांकेच्या अंतरावर असतां तो कांचेंत कोंडून घरांत कशाला आणावयाचा, अशी शंका कोणी घेईल, व ती रास्त आहे. आम्हींहि ती घेतली होती. तिचें उत्तर असें कीं, आमच्या किनाऱ्यावरचा समुद्र दिसावयास समुद्र असला तरी त्यांत डोकावून कांहीं दिसत नाहीं. एका बाजूस मुंबईचें बंदर, दुसऱ्या बाजूस धरमतरची खाडी; पाणी बाराहि महिने गढूळ, आणि पावसाळ्यांत नद्यांचा पूर मिसळल्यामुळें त्याचा खारेपणाहि कमी झालेला. तें पाणी टाकींत ओतणें म्हणजे गाळ व बोटींचें तेल विकत न घेतां घरीं आणणें होय. म्हणून समुद्राजवळ राहणाऱ्यासहि मीठ विकतच आणावें लागतें, आणि तें आपलें स्वयंपाकाचें मीठ नव्हे. या कामासाठीं निराळें तयार केलेलें, चुना, मॅग्नेशियम इत्यादि द्रव्यें योग्य प्रमाणांत असलेलें मिश्रण मिळतें. दर लिटर गाळीव पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम मीठ, हें प्रमाण. आमच्या पुतण्याची टाकी १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व ५० उंच आहे. म्हणजे कांठोकांठ ३०० लिटर, आणि तिला प्रथम भरतांना साडेदहा किलो मीठ लागलें. घरांतील वडील मंडळींनीं हा आंकडा ऐकून जें तोंड केलें तें वर्णन करण्याचें कारण नाहीं.

या छंदाचा उगम फार जुना नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं लोकांस पाहण्यासाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यानें आपल्या ग्रंथानें ॲक्वेरियम हा शब्द रूढ केला. त्या काळीं पंप नव्हते. पाणवनस्पति व प्राणी यांचा समतोल राखूनच पाणी शुद्ध ठेवावें लागे. आपल्याकडील बहुतेक कुटुंबांनीं समुद्रांतील मासे प्रथम पाहिले ते मुंबईस १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत. आमच्या पिढीच्या मुलांस मुंबई दाखवावयाची म्हणजे राणीचा बाग आणि तारापोरवाला हें ठरलेलें असे. त्या कांचांच्या पाठीमागें किती यंत्रें राबत असतील याचा विचार तेव्हां कोणाच्या मनांत आला नाहीं. आतां तीं यंत्रें आमच्या ओटीवर आलीं तेव्हां तो विचार करणें भाग पडलें.

माशांविषयीं येथें एकच गोष्ट सांगून पुढें जातों. प्रवाळ व समुद्रघोडा हे २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत. त्यांस पकडणें, विकणें हा गुन्हा आहे. दुकानदार हळूच खोकें पुढें करील, परंतु तें घेऊं नये. शेंदरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा मुलांस पुरेसा आनंद देतो.

आतां उपकरणांकडे वळूं. एक मुख्य पंप पाणी खालच्या शुद्धीकरणाच्या हौदांतून वर चढवितो. तो ४० वॉटचा. दोन लहान पंप टाकींत लाटा उत्पन्न करितात; दोहोंचे मिळून २० वॉट. स्किमर नांवाचें यंत्र बारीक फेंस करून त्याबरोबर घाण बाहेर काढतें. तेंहि २० वॉट. दिवा १०० वॉटचा, तो दिवसांतून आठ तास. आणि पाणी थंड करणारा चिलर ३०० वॉटचा. विलायतेंतील पुस्तकांत हीटरचें माहात्म्य फार. आमच्याकडे पौष-माघांतील थोड्या रात्री सोडल्या तर त्याला काम नाहीं. येथें खरा शत्रु वैशाख आहे. माशांस २५ ते २७ अंशांचें पाणी मानवतें, आणि मे महिन्यांत आमच्या ओटीवरची हवाच ३३ अंशांवर असते. त्या महिन्यांत चिलर दिवसाकांठीं दहा तास चालतो असें धरल्यास एकूण खर्च रोज पावणेसहा युनिटांच्या आसपास, म्हणजे महिन्यास १७० युनिटें येतो. हा आंकडा टाकी आणण्यापूर्वीं घरांतील कर्त्या पुरुषाच्या कानावर घातलेला बरा. महावितरणचें बिल आल्यावर तो घालण्यांत स्वारस्य नसतें.

सर्व उपकरणें मिळून ४८० वॉट होतात. २३० व्होल्टांच्या आपल्या विजेवर हा प्रवाह दोन ते तीन अँपिअरांपलीकडे जात नाहीं. म्हणजे प्रश्न मोठ्या भाराचा नाहीं. प्रश्न आहे तो मिठाचा. खारें पाणी उडतें, वाळतें, आणि मागें राहिलेलें मीठ हवेंतील ओल शोषून तारेच्या अंगावरून मुंगीसारखें पुढें सरकत जातें. मांडव्याच्या हवेंत आधींच इतकें मीठ आहे कीं खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनीं रंगवावे लागतात. टाकीच्या शेजारीं तर विचारूंच नये. म्हणून फळा टाकीच्या खालच्या कपाटांत कधींहि बसवूं नये. जागा वाचते, दिसावयास सुबक दिसतें, आणि सहा महिन्यांत आंतील पितळ हिरवें पडतें. आमचा फळा टाकीपासून चार फूट दूर, भिंतीवर, लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर आहे. पेटी लोखंडी नव्हे, प्लॅस्टिकची, झांकणास रबराची पट्टी असलेली. सर्व तारा खालच्या बाजूनेंच आंत शिरतात, व शिरण्यापूर्वीं प्रत्येक तार पिनेच्या पातळीखालीं लोंबती ठेवून मग वर वळविलेली आहे. तारेवरून ओघळणारा थेंब त्या लोंबत्या भागाशीं गळून पडतो, वर चढत नाहीं. ही युक्ति फुकट आहे, आणि फुकट असल्यामुळेंच बहुधा कोणी ती योजीत नाहीं.

पितळ व तांबें यांविषयीं आणखी एक सूचना. आपण तांब्याच्या भांड्यांतील पाणी पवित्र व आरोग्यकारक मानतों. परंतु या टाकींतील झिंगे, गोगलगाई यांना तांबें हें विष आहे. म्हणून पाण्याशीं संबंध येणारा एकहि स्क्रू, एकहि नळी तांब्या-पितळेची नसावी, आणि देवघरांतील कळशीनें या टाकींत नित्य पाणी घालण्याचा मोह आजीबाईंनीं आवरावा.

आतां मुख्य मुद्दा. तो नीट समजावा म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. बुडालेल्या पंपाच्या आवरणास केसाएवढी भेग पडली, तर जिवंत तारेचा दाब टाकीच्या पाण्यास मिळतो. टाकी कांचेची, खालचा माचा लांकडी. म्हणजे त्या विजेस जमिनीकडे जावयास वाट नाहीं. वाट नाहीं म्हणून प्रवाह नाहीं, प्रवाह नाहीं म्हणून फ्यूज उडत नाहीं, आणि मासेहि नेहमींप्रमाणें पोहत असतात. ती वाट मिळते ओल्या लादीवर अनवाणी उभें राहून टाकींत हात घालणाऱ्या माणसाच्या अंगांतून. फ्यूज किंवा एम. सी. बी. हें घराच्या तारांचें रक्षण करितें, माणसाचें नव्हे. सहा अँपिअरांपर्यंत तें स्वस्थ बसतें. आणि माणसाचा प्राण घ्यावयास त्याच्या शतांशाहूनहि अल्प प्रवाह पुरतो.

माणसाचें रक्षण करणारा खटका निराळा, त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात. एका तारेनें गेलेली वीज दुसरीनें तितकीच परत आली कीं नाहीं, एवढा एकच हिशेब तो सतत करीत असतो. जमेंत व खर्चांत ३० मिलिअँपिअरांची, म्हणजे त्या सहा अँपिअरांच्या दोनशेव्या भागाची तफावत पडली, कीं पापणी लवण्याच्या आंत तो पुरवठा तोडतो. त्याच्या जोडीस टाकींत टायटॅनियम धातूची एक कांडी सोडून ती घराच्या अर्थिंगला जोडावी. म्हणजे गळणाऱ्या विजेस माणसाच्या आधीं दुसरी वाट मिळते, व खटका कोणाचा हात पाण्यांत जाण्यापूर्वींच पडतो. मात्र खटका नसतां नुसती कांडी बसवूं नये, आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोंचलें आहे याची खात्री परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. कोंकणांतील कित्येक जुन्या घरांत तिसरी तार असते, परंतु ती भिंतींत कोठें तरी विराम पावलेली असते.

हा खटका लावणें सोपें. तो राहूं देणें कठीण. गेल्या आषाढांत आमच्या घरीं चार दिवसांत तीन वेळां तो पडला. तिन्ही वेळां संध्याकाळींच. प्रत्येक वेळीं सर्व पंप थांबले, आणि मासे पाण्याच्या पृष्ठाशीं येऊन तोंडें उघडझांप करूं लागले. खाऱ्या पाण्यांत प्राणवायु गोड्या पाण्यापेक्षां सुमारें पंचमांश कमीच मावतो; त्यांत पाणी कोंबट व थांबलेलें, म्हणजे कांहीं तासांचाच प्रश्न. पुतण्या काकुळतीस आला. "काका, आठवड्यानें आपण सगळे लग्नाला जाणार. घरांत कोणी नसतांना हें पडलं तर परत येईपर्यंत एकहि मासा राहायचा नाहीं." वायरमन भला माणूस, त्यानें आपल्या परीनें उपाय सुचविला. "गुरुजी, पावसाळ्यांत ह्याला ओल लागते, तें उगीच पडतं. मी दोन तारा सरळ जोडून देतों. चार महिन्यांनीं परत लावूं."

सूनबाई रोज सकाळीं टाकीची कांच आंतून घासतात. कोपरापर्यंत हात पाण्यांत असतो. त्या दाराशीं उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, तें उगीच पडतं कीं खरं पडतं, हें कुणी पाहिलं आहे का?"

आमच्या मतें सगळ्या वादांत तेवढा एकच प्रश्न शास्त्रीय होता. आम्हीं वायरमनला तारा जोडूं दिल्या नाहींत. सूचीकटाहन्यायानें लहान काम आधीं: सर्व उपकरणें काढलीं, आणि अन्वय-व्यतिरेकाची जी पद्धति आम्ही एकेकाळीं वर्गांत शिकवीत असूं तिनेंच एकेक उपकरण एकटें चालवून पाहिलें. दिवा निर्दोष, स्किमर निर्दोष, चिलर निर्दोष. एकेकास दोन-दोन तास द्यावे लागले, कारण थंड असतांना कोणीच दोष दाखवीना. दुसऱ्या दिवशीं रात्रीं लाटा करणारा एक पंप पाऊण तास चालून गरम झाल्यावर खटका पडला. तो पंप बाहेर काढून पुसला, तेव्हां तार जेथें पंपाच्या अंगांत शिरते तेथें नखाच्या कडेएवढी भेग दिसली. पंप नवीन आणला. खटका त्यानंतर आजतागायत एकदांहि आपणहून पडलेला नाहीं. दमट हवेनें खटके पडत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. पेटींत पाणी शिरलें असेल तर तेहि पडतात. परंतु तो पडला कीं कारण शोधावयाचें, त्याचें तोंड बंद करावयाचें नाहीं.

पुतण्याची तक्रारहि खोटी नव्हती. एकच खटका सर्वांवर असेल तर एका उपकरणाच्या दोषानें सर्व जीव मरतात. यावर उपाय सोपा आहे: खटके दोन घ्यावे. मुख्य पंप, स्किमर, दिवा व चिलर एकावर. लाटांचे पंप व हवेचा पंप दुसऱ्यावर. एक बाजू पडली तरी दुसरी पाणी हलतें ठेवते. माणूस व मासा यांत निवड करण्याची पाळीच येऊं नये अशी मांडणी करणें हें या फळ्याचें खरें काम. दोन्ही खटक्यांवरील तपासणीचें बटण आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दाबून पाहतों; वर्षानुवर्षें न पडलेला खटका प्रसंगीं अडकून बसतो.

दुसरा विचार असा कीं, उपकरण बिघडणारच असेल तर तें कोणत्या बाजूस बिघडावें? चिलर वा हीटर यांस चालूबंद करणारा रिले कांहीं हजार वेळां उघडझांप झाल्यावर आंतील ठिणगीनें चिकटून बसूं शकतो, आणि मग हीटर बंदच होत नाहीं. मासे उकडून मरण्याचें हें नेहमींचें कारण. म्हणून हीटरवर दोन पहारेकरी एकापुढें एक ठेवावे: फळ्यावरील तापमापक साडेपंचवीस अंशांवर त्यास बंद करील, आणि तो चुकलाच तर हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट सत्तावीस अंशांवर. उलट मुख्य पंपाचा रिले असा जोडावा कीं रिलेची शक्ति गेली असतां पंप चालूच राहील. चिलरला आणखी एक पथ्य लागतें. वीज जाऊन लगेच आली तर त्याच्या कॉम्प्रेसरनें तत्काळ सुरू होतां कामा नये. आंतील दाब समान व्हावयास पांच मिनिटें द्यावीं लागतात, आणि तो विलंब पाळणारें एक लहानसें टायमर फळ्यावर असावें. आमच्या भागांत पावसाळ्यांत वीज एका तासांत चार वेळां डोळे मिचकावते. टायमर नसता तर चिलर एक वर्षहि टिकला नसता.

पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. म्हणून रोज आटलेले दोन-तीन लिटर गोड्या पाण्यानेंच भरून काढावे लागतात. तें काम तरंगत्या गोळ्याच्या खटक्यावर सोंपवितां येतें. परंतु गोळ्याखालीं एखादी गोगलगाय येऊन बसली तर पंप रात्रभर पाणी ओतीत राहतो. यावर पुष्कळ विद्युत्-योजना आहेत. आमची सर्वांत जुनी व सर्वांत खात्रीची आहे: गोड्या पाण्याचें भांडें दहाच लिटरांचें ठेवावें. सगळें रिकामें झालें तरी खारेपणा ३५ वरून ३४ वर येतो, मासे तें सोसतात, आणि लादीवर पूर येत नाहीं.

तापमापकाची बारीक तार पंपाच्या तारांबरोबर एका जुडग्यांत बांधूं नये, नाहींतर आंकडे उड्या मारूं लागतात. विजेचा शेजार सूक्ष्म यंत्रांस मानवत नाहीं याचें थोर उदाहरण आमच्या शेजारींच आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेचे भूचुंबकत्वाचे वेध बिघडणार, हें ओळखून १९०४ सालीं अलिबागेस निराळी वेधशाळा उभारली गेली. ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. आपण चार बोटें अंतर ठेविलें तरी पुरे.

राहतां राहिला वीज मुळींच नसण्याचा प्रश्न. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलें. वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या, खांब मोडून पडले, आणि कित्येक गांवांत दिवसचे दिवस अंधार होता. तेव्हां आमच्या घरीं ही टाकी नव्हती. परंतु फळा करतांना तें वादळ आमच्या डोळ्यांपुढें होतें. पुतण्यानें सर्व टाकी इन्व्हर्टरवर घ्यावयाची म्हटलें. आम्हीं त्यास हिशेब मांडावयास सांगितलें. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १८०० वॉट-तास असतात; ती निम्म्याखालीं उतरवूं नये, म्हणजे हातीं उरले ९००. सगळें ओझें टाकलें तर दोन तास गेले नाहींत तोंच संपेल. केवळ लाटांचे पंप ठेविले, इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून ३० वॉट, तर तीस तास! दिवा नसला तर मासे कांहीं दिवस काढतात, चिलर नसला तरी थोडें सोसतात. हालतें पाणी मात्र त्यांस क्षणोक्षणीं हवें. म्हणून बॅटरीच्या शाखेवर तेवढेंच एक बटण आहे. त्याशिवाय एक नवा लाटांचा पंप कपाटांत राखून ठेविला आहे. कारण पावसाळ्यांत गेट वे ऑफ इंडियाकडील लाँचा बंद असतात, आणि क्रॉफर्ड मार्केट किंवा लोहार चाळ गांठावयाची म्हणजे रो-रो बोटीची वाट पहावी लागते.

फळ्यावर एकंदर आठ बटणें आहेत. प्रत्येकाखालीं आम्हीं स्वहस्तें मराठींत नांव लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लाविली आहे, कारण इंग्रजी आद्याक्षरें घरांत दोघांनाच कळत. आणि पुतण्या मुंबईस गेलेला असतांना प्रसंग ओढवला तर फळ्यापुढें सूनबाई किंवा आठव्या इयत्तेंतील नात उभी राहणार. मुख्य पंप, लाटा, फेंस, दिवा, चिलर, हीटर, भरणी अशीं सात नांवें झालीं. आठवी जागा रिकामी आहे. तेथें मोबाइलवरून दूर बसून सर्व चालूबंद करणारें एक यंत्र पुतण्यास जोडावयाचें आहे. टाकींत कोणाचा हात आहे कीं नाहीं हें त्या यंत्रास मुंबईहून दिसेल काय, असें आम्हीं त्याला विचारलें आहे. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.